हसायला दचकू नकोस

प्रिय बाळ,

सप्रेम सलाम.

चर्चमध्ये विश्वासाची जाहीर कबुली देऊन तुझं दृढीकरण झाल्यापासून तू नेमाने बायबल वाचतेस, प्रार्थनेला बसतेस, हे वाचून फार बरं वाटलं. पण हसू आलं की मन दचकतं, देवाला हे चालेल का असं वाटतं, आणि तरुण संघातल्या मैत्रिणी म्हणतात की तू आता पूर्वीसारखी राहिली नाहीस, हेही तू लिहिलंस. ते वाचून मात्र काळजी वाटली. आनंद निघून गेला की विश्वासाचं नुसतं कर्तव्य उरतं, आणि ते फार लवकर जड होतं.

आधी बायबलमधल्या साराकडे, अब्राहामाच्या बायकोकडे बघ. नव्वदीच्या घरातली बाई. तंबूच्या दाराआड उभी राहून ऐकते, की तिला मुलगा होणार. ती मनात हसते. देव विचारतो, सारा का हसली? ती घाबरून म्हणते, मी हसले नाही. देव म्हणतो, नाही, तू हसलीसच. बस, एवढंच. शिक्षा नाही, वचन मागे घेणं नाही. पुढे मुलगा झाल्यावर तीच म्हणते, देवाने मला हसवलं, आणि जो हे ऐकेल तो माझ्याबरोबर हसेल. लपवलेलं हसू आता सगळ्यांना वाटायचं हसू झालं. उत्पत्तीचे अठरावा आणि एकविसावा हे दोन अध्याय एकापाठोपाठ वाचून बघ.

प्रभू येशूचं बोलणं आपण इतक्या वेळा ऐकलेलं असतं की त्यातली गंमत कानावरून निसटते. स्वतःच्या डोळ्यात मुसळ घेऊन दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला निघालेला माणूस डोळ्यांपुढे आण. किंवा पेयातला डास गाळून काढणारा आणि उंट मात्र सबंध गिळणारा शास्त्री. ऐकणारे लोक त्या वेळी हसले असतील, असंच मला वाटतं. आणि हसता हसता काहींना आपलं मुसळ टोचलंही असेल.

प्रेषितांची कृत्ये घे. प्रभूचा शिष्य पेत्र तुरुंगातून सुटून दारावर थाप मारतो. रुदा नावाची मुलगी त्याचा आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते. आत सगळे त्याच्याचसाठी प्रार्थना करत बसलेत, आणि तिला म्हणतात, तू वेडी आहेस! पेत्र बाहेर दार ठोठावतोच आहे. प्रार्थना ऐकली गेली आणि प्रार्थना करणाऱ्यांनाच खरं वाटेना. पहिल्या मंडळीने ही गोष्ट झाकून ठेवली नाही, याचं मला फार कौतुक आहे.

त्यांना हे जमलं कसं? याचं उत्तर मला लूकच्या शुभवर्तमानात सापडतं. अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा माणूस, मंदिरात उभा राहून आठवड्यातले दोन उपास आणि दिलेले दशांश देवाला ऐकवतो. त्याला हसायला सवडच नाही. स्वतःचा हिशेब सांभाळण्यात तो गुंतला आहे. पुढच्याच अध्यायात जक्कय आहे. मुख्य जकातदार, पैसेवाला, आणि भर रस्त्यात लोकांदेखत धावत जाऊन उंबरावर चढतो. हाक आल्याबरोबर खाली उतरून तो आनंदाने प्रभूला घरी नेतो. त्या घटकेला आपली अब्रू सांभाळायचं त्याला सुचलंच नाही. देवाने आपल्याला आधीच जवळ केलंय, हे मनात पक्कं झालं की स्वतःला जपत बसायची गरज कमी होते. तिथून हसू मोकळं होतं. तुला परूशासारखं हिशेब ठेवणं जमू नये, अशीच माझी प्रार्थना आहे.

आपल्या लक्ष्मीबाई टिळकही तुला ठाऊक असायला हव्यात. १८९५ साली त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. ताटातूट झाली, नातेवाईकांचे बोल ऐकावे लागले. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हे सगळं त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त लिहिलं, आणि वाचताना डोळ्यांत पाणी असतानाही हसू फुटतं. वडिलांच्या कडक सोवळ्यावर त्या हसवतात, टिळकांच्या उधळ्या दातृत्वावर हसवतात, पण कुणाविषयी कडवटपणा नाही. विश्वासातला विनोद असा असतो. समोरचा लहान होत नाही.

म्हणून एक सांभाळ. ज्याच्या घरी दुःख आहे, त्याला वचनं ऐकवून हसवायला जाऊ नकोस. मरण पावलेल्या मित्राच्या, लाजाराच्या थडग्यापाशी प्रभू रडला, आणि काही क्षणांतच त्याला उठवणार हे ठाऊक असून रडला. स्तोत्रांत कितीतरी ठिकाणी आक्रोश आहे. तुझ्यावर तसे दिवस आले, तर ओठांवर खोटं हसू चिकटवू नकोस; सरळ देवाशी भांड. प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला ‘आनंद करा’ असं लिहिलं ते बेड्यांत असताना, आणि त्याच पत्रात आपल्या अश्रूंचाही उल्लेख केला.

रात्रीच्या प्रार्थनेत कबुली आणि विनंत्या असतातच. त्यात दिवसभरात कशाचं हसू आलं तेही सांगत जा. नाताळच्या नाटकात मेंढपाळ झालेलं पोर संवाद विसरून प्रेक्षकांतल्या आईला हात हलवतं, तेव्हा सगळ्यांबरोबर मनमुराद हास, आणि मग त्या पोराला शाबासकी दे. उपासनेत हसू आवरायला हवं तिथे आवर, पण त्याबद्दल घरी जाऊन पश्चात्ताप करत बसू नकोस.

आता योनाचा चौथा अध्याय वाच. सुकलेल्या वेलासाठी मरण मागणारा संदेष्टा, आणि त्याला निनवेतल्या एक लाख वीस हजारांवर माणसांची, वर गुराढोरांचीही आठवण करून देणारा देव. शेवटच्या प्रश्नाला योनाने काय उत्तर दिलं असेल, तुला काय वाटतं ते मला लिही. पुढच्या महिन्यात मी तुमच्याकडे येणार आहे, तेव्हा बोलू. आईला सलाम सांग.

तुझ्या
संडे स्कूलच्या बाई