सोलापूरच्या उन्हात ३ किलोवॅटचं घरगुती सोलर २५ वर्षं चालतं का, पैसे वसूल होतात का?

हो, पॅनल २५ वर्षं आरामात चालतात, पण इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणारी पेटी) तेवढा टिकत नाही, ८-१२ वर्षांत एकदा बदलायचा खर्च आत्ताच हिशोबात धरा. मी इथंच सोलर बसवायचं काम करतो, लोकांना वाटतं ऊन जास्त म्हणजे वीज जास्त, तसं नसतंय, पॅनलला उजेड पाहिजे, उष्णता नको. मे महिन्यात पत्र्यावरचा पॅनल ६५ डिग्रीला गेला की साधारण १४ टक्के वीज तिथंच कमी होते, गार झाला की परत येते, त्यामुळं पॅनलखाली हवा खेळायला जागा सोडायला सांगा. कायमची घट वर्षाला साधारण अर्धा टक्काच. ३ किलोवॅटला वर्षभराची सरासरी धरून दिवसाला १२ युनिट मिळाले पाहिजेत, केंद्राची सबसिडी ७८,००० रुपये आहे. आणि परफॉर्मन्स बिलावरून बघू नका राव, घरात एसी आला की बिल वाढणारच! इन्व्हर्टरच्या अ‍ॅपवर गेल्या मार्चचे युनिट आणि या मार्चचे युनिट बघा, तेपण पॅनल धुतल्यावर, इथली धूळ माहितीच आहे. फक्त महिन्याला १०० युनिटच्या आतच वापर असेल तर वीज स्वस्तच पडते, मग पैसे वसूल व्हायला बराच वेळ लागतो, अशा घरी ३ किलोवॅट नको, १ बास.