टीआर-८०८ वर पॅटर्न बरोबर बसतो, पण निर्जीव वाटतो. काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रोलँडचं जुनं टीआर-८०८ हे ड्रम मशीन नुकतंच हाती आलं आहे. पॅटर्नच्या सोळा स्टेपपैकी (समान घरांपैकी) किक (तळाचा जाड ठोका) १, ५, ९, १३ वर, स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) ५ आणि १३ वर, क्लोज्ड हॅट (मिटलेल्या झांजा) सोळाही स्टेपवर टाकलेत. सगळं वेळेत वाजतं, पण ऐकावंसं वाटत नाही. स्विंगचा, म्हणजे काही ठोके किंचित उशिरा टाकून लय झुलवण्याचा, नॉब कुठे सापडत नाही. आणि सात मात्रांचं आवर्तन या यंत्रावर बसेल का, अशी शंका आहे.

पॅटर्नमध्ये चूक काहीच नाही. याच मांडणीवर नाचायचं असंख्य संगीत उभं आहे. पण तुम्ही जे सांगितलंत त्यात ॲक्सेंटचा (ठोक्याला दिलेल्या जादा जोराचा) उल्लेखच नाही आणि माझ्या मते सगळं तिथेच अडलं आहे. ८०८ मध्ये प्रत्येक ठोक्याला वेगळा जोर देण्याची सोयच नाही. किकचा लेव्हल नॉब फिरवला की त्या पॅटर्नमधल्या सगळ्या किक सारख्याच वर-खाली होतात. जोर बदलायचा एकच मार्ग आहे: इन्स्ट्रुमेंट सिलेक्टचा नॉब एसी या पहिल्या खुणेवर आणायचा आणि तिथे किक किंवा स्नेअरसारखीच स्टेप दाबायची. त्या स्टेपवर जे जे वाजत असेल ते सगळं एकदम जोरात वाजतं. बहुतेक लोक हे शेवटी, चवीपुरतं करतात. मी किक टाकल्यावर लगेच ॲक्सेंट टाकते आणि स्नेअर, हॅट त्यानंतर. ८०८ वर ॲक्सेंट हे एक स्वतंत्र वाद्य धरावं. त्याला स्वतःचा आवाज नाही, पण बाकी सगळ्यांची चाल तेच ठरवतं.

करून पाहा. टेम्पो मध्यम ठेवा. हॅट सोळाही स्टेपवर राहू दे. किक फक्त १, ८ आणि ११ वर. स्नेअर ५ आणि १३ वर. आता ॲक्सेंट १, ४, ७, ११, १३ वर टाका. क्यूबाच्या संगीतात क्लावे म्हणून जो पाच ठोक्यांचा साचा आहे, त्याच्याच या जागा: तीन, तीन, चार, दोन, चार अशी सोळांची फोड. पण इथे तो साचा कुठल्याच वाद्यावर उघड वाजत नाही, तो फक्त जोराच्या रूपाने आत बसतो.

आता स्टेपगणिक ऐका. चौथ्या स्टेपवर हॅट एकटाच आहे आणि तो जोरात येतो. लगेच पाचवर स्नेअर येते, ती मवाळ. सातवर पुन्हा एकटा हॅट जोरात आणि आठवर किक, तीही हलकी. अकरावरची किक मात्र दणक्यात येते आणि तेरावरची स्नेअरही. म्हणजे दोन्ही स्नेअर एकाच सर्किटमधून आल्या तरी कानाला त्या दोन वेगळ्या वाटतात. पहिली वाटेतली, दुसरी मुक्कामाची. ठोके तेच, नॉब तेच, आणि तरी ठेका पुढे चालू लागतो.

मग फक्त तेरावरचा ॲक्सेंट काढून चौदावर ठेवा. आता दोन्ही स्नेअर मवाळ झाल्या आणि दुसरीच्या पाठीमागून हॅट उसळतो. ठेका एकदम तिरका होतो. एवढ्याशा बदलाने एवढा फरक पडतो हे मला आजही फार आवडतं, आणि या यंत्रावर वेळ घालवायचा असेल तर तो असे ॲक्सेंट इकडेतिकडे सरकवण्यातच घालवावा.

त्याआधी एक तपासा: ॲक्सेंटचा लेव्हल नॉब शून्यावर तर नाही ना? तो खाली असेल तर स्टेप दाबूनही काही कळत नाही. मी तो आधी पूर्ण उघडते, जोराच्या ठोक्यांवर बाकी वाद्यांच्या पातळ्या लावते आणि मग ॲक्सेंट हवा तेवढा मागे घेते. उलट क्रमाने गेलात तर साधे ठोके आधीच कमाल पातळीवर बसतात आणि जोर द्यायला जागाच उरत नाही. ॲक्सेंटमुळे त्या स्टेपचा ट्रिगर मोठ्या व्होल्टेजने जातो, म्हणून आवाज वाढतोच, शिवाय ठोक्याची सुरुवातही जरा टोकदार होते.

दुसरी गोष्ट किकच्या लांबीची. ८०८ मध्ये रेकॉर्ड केलेला आवाज नाही. किक म्हणजे एक अनुनादी सर्किट, ज्याला धक्का दिला की ते सुमारे ५० हर्ट्झला घुमतं आणि हळूहळू विझतं. किती हळू, ते डिके नॉब ठरवतो. पॅटर्न लिहिताना ही घुमणारी शेपटी विसरून चालत नाही. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० मात्रा) एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची आणि एक स्टेप १२५ मिलिसेकंदांची. डिके पूर्ण उघडा असेल तर पहिल्या किकची शेपटी संपायच्या आत तुमची पुढची किक येऊन पोचते. सर्किट अजून घुमत असताना नवा धक्का बसतो आणि तळाचा आवाज गढूळ होतो. म्हणून माझा नियम साधा आहे: डिके लांब, तर किक मोजक्या. चारही मात्रांवर किक हवी असेल तर डिके आखूड. लांब डिके घेऊन आवर्तनात दोनच किक टाका, १ आणि ११, आणि मधली मोकळी जागा त्या शेपटीला द्या. तिथे बेसलाइनचीसुद्धा गरज वाटत नाही.

हॅटच्या बाबतीत हीच गोष्ट वेगळ्या रूपात येते. क्लोज्ड हॅट वाजला की ओपन हॅटचा आवाज तिथेच कापला जातो, खऱ्या ड्रमवर पायाने झांजा मिटवल्यावर होतं तसं. म्हणजे ओपन हॅट किती वेळ ऐकू येणार हे पुढचा क्लोज्ड हॅट कुठे आहे यावरही ठरतं. १५ वर ओपन ठेवा आणि १६ वरचा क्लोज्ड काढून टाका: ओपन दोन स्टेप लांबतो आणि समेवर कापला जातो. १६ वरचा ठेवलात तर तो एका स्टेपमध्ये आटपतो. सोळाही स्टेपवर क्लोज्ड हॅट भरून टाकला की हा सगळा खेळ हातातून जातो. ओपन हॅट असलेल्या स्टेपवरचा क्लोज्ड आधी काढा, मग त्याच्यानंतरचे एकेक काढत जा आणि कुठे श्वास लागतो ते ऐका.

बाकी आवाजांबद्दल एवढंच, की मशीनमध्ये सोळा आवाज असले तरी वाद्यांचे मार्ग अकरा आहेत. टॉम की काँगा, रिमशॉट की क्लेव्हज, क्लॅप की माराकस, हे छोट्या स्विचने निवडावं लागतं. एका पॅटर्नमध्ये क्लॅप आणि माराकस दोन्ही मिळणार नाहीत. काउबेल आणि झांजा जपून वापरा, त्या फार लवकर सगळी जागा व्यापतात.

आता स्विंग. तुम्हाला नॉब सापडला नाही कारण तो ८०८ वर नाहीच. रॉजर लिनच्या १९८० च्या एलएम-१ या ड्रम मशीनमध्ये ही सोय होती, रोलँडच्या १९८३ च्या टीआर-९०९ मध्ये ती शफल या नावाने आली. कल्पना सोपी आहे. स्टेपच्या जोड्या करायच्या आणि प्रत्येक जोडीतली दुसरी स्टेप जराशी उशिरा वाजवायची. लिन हे टक्क्यांत मोजतो: ५० म्हणजे सरळ, ६६ म्हणजे जोडीचे तीन समान भाग केले तर दुसरी स्टेप जवळपास तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला. १२० बीपीएमला दोन स्टेपची जोडी २५० मिलिसेकंदांची, म्हणजे ५० टक्क्यांना दुसरी स्टेप १२५ व्या मिलिसेकंदाला येते, ५४ ला १३५ व्या. फक्त दहा मिलिसेकंदांचा फरक, पण अंगाला तो लगेच जाणवतो.

८०८ वर ही मधली सूक्ष्म स्थानं मिळत नाहीत. ठोका स्टेपवर पडतो, अलीकडे-पलीकडे नाही. पण पूर्ण शफल मिळतो. प्री-स्केल (एका मात्रेत किती स्टेप ते ठरवणारा स्विच) १ वर ठेवा आणि पॅटर्न १२ स्टेपचा करा (पॅटर्न लिहिण्याच्या मोडमध्ये क्लिअर दाबून ठेवून शेवटच्या स्टेपचं बटण दाबायचं). आता प्रत्येक मात्रेत तीन स्टेप आल्या आणि मात्रा १, ४, ७, १० वर पडतात. हॅट १, ३, ४, ६, ७, ९, १०, १२ वर, म्हणजे प्रत्येक तिघांतली मधली रिकामी. स्नेअर ४ आणि १० वर. किक १ आणि ७ वर, आणि ७ च्या आधी ६ वर एक जास्तीची. ॲक्सेंट मात्र ४ आणि १० वर न टाकता ३ आणि ९ वर टाकून बघा. स्नेअरच्या आधीचा हॅट जोरात येतो आणि लय लंगडत न चालता झुलते. टेम्पो संथ असेल तर हे फारच सुंदर लागतं.

५४-५८ टक्क्यांच्या आसपासचा हलका स्विंग हवाच असेल तर तो बाहेरून आणावा लागतो. ८०८ च्या मागे डिन सिंकचं (दुसऱ्या यंत्राशी वेळ जुळवण्याचं) सॉकेट आहे, मशीन एका मात्रेला २४ स्पंदांवर चालतं. काही सिंक बॉक्स हे स्पंदच स्विंग करून पाठवतात आणि ८०८ निमूट त्यांच्या मागे जातं. मी स्वतः हे क्वचितच करते. ॲक्सेंट नीट लावले की सरळ सोळा स्टेपमध्येही झोका येतो आणि ८०८ चा तो ताठ, नेमका बाणा मला हवाहवासा वाटतो. प्री-स्केल ४ वर स्टेप अर्ध्या होतात, त्यातून क्लॅप उशिरा टाकावा असं सुचेल, पण १२० ला तो ६२ मिलिसेकंद मागे पडतो आणि सरळ वेगळा ठोका ऐकू येतो. प्री-स्केल ४ हॅटच्या भरधाव तुकड्यांसाठी ठेवा.

तोचतोचपणाचाही थोडा विचार करा. एकच आवर्तन सतत फिरत राहिलं तर उत्तम पॅटर्नही कानाआड होतो. त्यासाठी ए आणि बी अशी दोन रूपं दिलेली आहेत. दोन्हींत किक आणि स्नेअर सारखेच ठेवा, बी मध्ये फक्त ॲक्सेंटच्या दोन जागा आणि एक ओपन हॅट बदला, आणि स्विच एबी वर ठेवा. ऐकणाऱ्याला नेमकं काय बदललं ते सांगता येत नाही, पण तो ऐकत राहतो. फिल-इन (मध्येच येणारा भरणीचा तुकडा) ठरावीक आवर्तनांनंतर आपोआप वाजवता येतो. माझा सल्ला आठ किंवा सोळाचा. दर दोन आवर्तनांना टॉम गडगडू लागले तर ठेका कधी स्थिरावतच नाही.

आणि सात मात्रा? बसतात, तेही अगदी सहज. सर्वात सोपं म्हणजे एका मात्रेला दोन स्टेप धरून १४ स्टेपचा पॅटर्न. मात्रा १, ३, ५, ७, ९, ११, १३ वर येतात. तीन-दोन-दोन अशी फोड हवी तर खंडांची सुरुवात १, ७ आणि ११ वर. ॲक्सेंट या तीन ठिकाणी टाका, किक ७ आणि ११ वर, समेवर मात्र किक न ठेवता फक्त रिमशॉट किंवा काउबेल ठेवून पाहा. मात्रेत चार स्टेपचा बारीकपणा हवा असेल तर २८ स्टेप लागतात आणि त्याही आहेत, कारण प्रत्येक पॅटर्नला दोन भाग असतात. पहिला भाग पूर्ण १६ चा ठेवा, दुसरा १२ वर तोडा. चौथी मात्रा पहिल्या भागात संपते, पाचवी दुसऱ्याच्या पहिल्या स्टेपवर सुरू होते. लिहिताना हे डोळ्यांसमोर राहावं म्हणून मी आधी कागदावर चौकटी आखते आणि ॲक्सेंटची ओळ सर्वांत वर ठेवते.

तो कागद फेकू नका. ८०८ ची स्मृती तीन एए बॅटऱ्यांवर टिकते. त्या संपल्या किंवा काढल्या आणि मशीन बंद केलं की लिहिलेले सगळे पॅटर्न जातात. यंत्र जुनं आहे, तेव्हा आधी बॅटऱ्यांचा कप्पा उघडून कुठे गळती-गंज नाही ना ते बघा, नव्या बॅटऱ्या घाला, आणि मग पहिला पॅटर्न लिहा.