आरसी बगीचे, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाडीचे, टायर चिकटवले तरी दुसऱ्याच दिवशी सुटले. मुंबईच्या दमट हवेमुळे का?

हवेचा दोष रुपयात चार आणे. उरलेले बारा आणे तुमचे. राग मानू नका, माझेही होते.

तुम्ही लिहिलंय की टायर पाकिटातून काढले, रिमवर चढवले, कडेनं फेविक्विक सोडलं, रात्रभर ठेवलं. सकाळी थ्रॉटल दिल्यावर रिम आतल्या आत फिरली आणि टायर ढिम्म. माझ्या पहिल्या १/१० (खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाच्या) बगीनं आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर अगदी हेच केलं होतं. मी ग्लूला शिव्या घातल्या आणि दुसऱ्यांदा दुप्पट ग्लू ओतला. तोही सुटला.

नाक्यावरचा पंक्चरवाला काय करतो ते आठवा. सोल्यूशन लावायच्या आधी तो ट्यूब चांगली खरवडतो. त्याची निम्मी मेहनत खरवडण्यातच जाते. आपण नेमकं तेच गाळतो. टायर साच्यातून सहज निघावा म्हणून साच्याला ओशट द्रव्य फासतात, त्याचा पातळ थर नव्या रबरावर राहतो. हाताला तो जाणवत नाही, पण ग्लू रबराला न धरता त्या थराला धरतो आणि पहिल्या झटक्याला सालीसारखा सुटून येतो.

म्हणून टायर आधी कोमट पाण्यात, भांडी घासायच्या साबणानं आणि जुन्या टूथब्रशनं धुवायचे. भर कडेवर, म्हणजे रिमच्या खाचेत बसणाऱ्या बीडवर. मग वाळवायचे, आणि इथे मात्र मुंबई आडवी येते. जुलैत दोन तासांत वाळले असं वाटतं, पण बीडच्या घडीत पाणी दडून बसलेलं असतं. मी रात्रभर पंख्याखाली ठेवतो. सकाळी बीड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसतो. लॅमिंग्टन रोडवर सोल्डरिंगचं सामान मिळतं तिथे हे मिळतं. घरातलं सॅनिटायझर वापरू नका. बऱ्याच सॅनिटायझरमध्ये त्वचेसाठी ग्लिसरीन असतं, म्हणजे काढलेला ओशटपणा परत लावल्यासारखं.

रिमच्या खाचेवर ३२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवायचा, चकाकी जाईपर्यंत. बहुतेक रिम नायलॉनच्या असतात आणि गुळगुळीत नायलॉनला हा ग्लू नीट धरत नाही. क्रोम केलेली रिम असेल तर खाचेतलं क्रोम पूर्ण खरवडा, नाहीतर टायर क्रोमला चिकटेल आणि क्रोम रिमला सोडेल. मग रिमही अल्कोहोलनं पुसा आणि पुसलेल्या जागी बोट लावू नका.

या टायरमध्ये हवेऐवजी फोमचं कडं असतं, त्याबद्दल थोडं. फोम पूर्ण गोल बसला पाहिजे. कुठे दुमडला तर गाडी वेगात थरथरते. मी एकदा काटकसर म्हणून गादीवाल्याकडचा फोम कापून घातला. पहिल्याच डबक्यात तो स्पंजसारखा पाणी प्यायला आणि गाडी ओला गोणपाट ओढल्यासारखी चालायला लागली. क्लोज्ड सेल फोम, म्हणजे ज्याचे बुडबुडे बंद असतात तो, पाणी पीत नाही. पावसात चालवणार असाल तर तोच घ्या. रिमला हवेसाठी बारीक भोकं असतात, त्यांतून चिखल आत जातो. ती मी आतून टेपनं बंद करतो आणि टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावर, एकमेकांच्या बरोबर समोर, दोन भोकं पाडून घेतो. स्टेशनबाहेरचा मोची कमरेच्या पट्ट्याला भोक पाडायच्या पंचनं एका मिनिटात पाडून देतो. चाक फिरलं की पाणी तिथून बाहेर फेकलं जातं.

आता ग्लू. टायर चढवताना बाजूवर बाण असेल तर दिशा बघा, डावे-उजवे वेगळे ठेवा. बीड सगळीकडे खाचेत बसलीय ना हे बोटानं चाचपा आणि टायरभोवती दोन रुंद रबरबँड चढवा, म्हणजे कड रिमला दाबून राहते. लागतो तो पातळ सायनोॲक्रिलेट, आणि फेविक्विक तेच आहे, त्यामुळे तुमचा ग्लू चुकीचा नव्हता. फक्त ट्यूबचं टोक कात्रीनं कापू नका, टाचणीनं टोचा. अंगठ्यानं टायर जरासा बाजूला ओढायचा, फटीत एक थेंब, सोडून द्यायचा. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसा ग्लू फटीतून आपोआप पसरतो. आधी समोरासमोर चार ठिकाणी, मग मधल्या जागा भरायच्या. दहा-पंधरा मिनिटांनी चाक उलटवून दुसरी बाजू. बरेच जण आतली बाजू विसरतात आणि टायर तिथूनच उकलायला लागतो.

जास्त ग्लू म्हणजे पक्का जोड, हा गैरसमज मी दोन सेट टायर घालवून सोडला. हा ग्लू पृष्ठभागावरच्या ओलाव्यानं घट्ट होतो. पातळ थर झटकन आणि सारखा बसतो. जाड थर वरून कडक होतो, आत बराच वेळ ओला राहतो. दमट हवेत तर ग्लू आणखी लवकर पकडतो, त्यामुळे एका चाकाचं काम रेंगाळू देऊ नका. कडेला पांढरी धूळ दिसली तर घाबरू नका, ग्लूची वाफ हवेतल्या ओलाव्याशी मिळून तशी बसते. दिसायला वाईट, जोडाला त्रास नाही. खिडकी उघडी ठेवा. त्या वाफेनं डोळे चुरचुरतात.

ग्लू पुसायला सुती कापड घेऊ नका. मी जुना बनियन वापरला होता. सायनोॲक्रिलेट सुतात मुरला की एकदम तापतो. बनियनमधून धूर आला आणि करंगळीला फोड. हातात नायट्राइलचे मोजे घाला, सुती तर नकोच. बोटं चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात धरून हळूहळू सोडवा.

उरलेली बाटली हवाबंद डब्यात, नव्या बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. फ्रिजमध्ये ठेवलीत तर काढल्यावर लगेच उघडू नका, थंड बाटलीत बाहेरचा दमटपणा शिरतो.

तुमचे सुटलेले टायर फेकायची गरज नाही. चाकं वीस-पंचवीस मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा, ग्लू ठिसूळ होतो आणि गरम असतानाच चिमट्यानं धरून टायर सोलता येतो. बीडवरचे जुने पापुद्रे पॉलिश पेपरनं काढा आणि धुण्यापासून परत सुरुवात करा. ॲसिटोनमध्ये भिजवूनही ग्लू सुटतो, पण काही प्लास्टिक त्यात विरघळतं आणि ते पटकन पेट घेतं, त्यामुळे गॅसच्या आसपास मी ते बाटलीतून काढतच नाही. ओव्हनमध्ये तापवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, तापलेल्या ग्लूचा धूर घरभर होतो. उकळायला पातेलं मात्र वेगळं ठेवा. आमच्या घरचं दुधाचं पातेलं मी एकदा या कामाला घेतलं होतं. ते आता गच्चीवर कुंडीखाली आहे.