जुन्या लष्करी गाड्यांना बाहेरून जंप: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (देवगड): शक्तिमान ट्रक पावसाळाभर उभा असतो, बॅटऱ्या उतरतात. बाहेरून जंप देता यावा, म्हणजे दुसऱ्या बॅटरीच्या जोरावर गाडी सुरू करता यावी, म्हणून सॉकेट बसवायचं आहे. वायरमन म्हणतो 25 स्क्वेअर एमएमची केबल पुरे. खरं का?

उत्तर: नाही, 70 स्क्वेअर एमएमची लवचीक केबल घ्या. सेल्फ (स्टार्टर मोटर) 400 अँपियर ओढतो असं धरा. जाऊन-येऊन 10 मीटर केबल असेल तर 70 मध्ये साधारण 1 व्होल्ट वाटेतच जातो, 25 मध्ये पावणेतीन. उतरलेल्या बॅटरीची घसरण त्यात मिळवली की सेल्फ नुसता कण्हतो. म्हणूनच सॉकेट पुढच्या बंपरवर न लावता बॅटरीपेटीच्या बाजूलाच लावा. केबल जितकी आखूड तितकं बरं.

नाटो पद्धतीचं (लष्करी गाड्यांवरचं) दोन-पोल सॉकेट मिळालं तर उत्तम. त्यात मधली पिन पॉझिटिव्ह आणि बाहेरची कडी निगेटिव्ह असते. नाही मिळालं तर 350 अँपियरचं अँडरसन कंपनीच्या पद्धतीचं सॉकेट, 24 व्होल्टचं म्हणजे लाल रंगाचं. 12 व्होल्टचं पिवळं त्यात बसतच नाही, त्यामुळे अंधारात घाईत होणारी चूक टळते. दोन्ही वायरी थेट बॅटरीच्या टोकांवर न्या: ट्रकमध्ये 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीचं पॉझिटिव्ह दुसरीच्या निगेटिव्हला जोडून असतात; सॉकेटची पॉझिटिव्ह वायर जोडतारेत न गेलेल्या पॉझिटिव्ह टोकावर, निगेटिव्ह तशाच निगेटिव्ह टोकावर. निगेटिव्ह चासीवर सोडू नका. तिथला गंजलेला बोल्टच पुढे दगा देतो. पॉझिटिव्हच्या टोकाजवळ 500 अँपियरचा फ्यूज ठेवा. केबल पत्र्यातून जाते तिथे भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट (कडी) हवंच.

लग, म्हणजे केबलच्या टोकाची तांब्याची टोपी, हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून घ्या. सोल्डर केलं की तार तिथे ताठ होते आणि धक्क्यांनी तुटते. लगवर गोंदवालं हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. आपल्या किनाऱ्यावर उघड्या टोकातून खारी दमट हवा केबलच्या आत शिरते. इन्सुलेशन सोललं तर वीतभर आत तांबं काळं-हिरवं पडलेलं दिसतं. अशी केबल बाहेरून नवीकोरी वाटते, म्हणूनच फसवते. टिन केलेल्या (कथिलाचा मुलामा दिलेल्या) तारांची केबल मिळाली तर थोडे पैसे जास्त गेले तरी घ्या.

प्रश्न (दापोली): दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप आहे, 6 व्होल्टची. कारवरून जंप चालेल?

उत्तर: नको. 12 व्होल्ट लावले की 6 व्होल्टच्या बॅटरीत बेसुमार करंट शिरतो, गॅस होतो, फुटण्याची भीती असते. चालू राहिलेले दिवे तर लगेच उडतात. दुसरी 6 व्होल्टचीच चार्ज केलेली बॅटरी जवळ ठेवा. जीप उचलत नसेल तर आधी केबल बघा. 6 व्होल्टला तेवढ्याच कामाला दुप्पट करंट लागतो, आणि कुणीतरी मध्येच 12 व्होल्टच्या गाडीची बारीक केबल घातलेली असते.

प्रश्न (मालवण): ट्रक 24 व्होल्टचा, हाताशी दोन 12 व्होल्टच्या कार. दोन्ही सिरीजमध्ये जोडू का?

उत्तर: तसं जोडलं की एका कारच्या बॉडीवर दुसरीच्या मानाने 12 व्होल्ट येतात. दोघींचे बंपर टेकले किंवा साखळी लागली की थेट शॉर्ट. त्यापेक्षा दोन सुट्या 12 व्होल्ट बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून सॉकेटला लावा. ट्रकच्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच रेडिओ किंवा पंखा चालवत असाल तर तेही थांबवा. ती रिकामी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते.

प्रश्न (अलिबाग): सॉकेट बसवलं, पण जंप देताना प्लग तापतो.

उत्तर: सांधा खराब आहे. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या पोस्टवर, दुसरं त्याच पोस्टवरच्या लगवर धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. 0.1 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तो सांधा उघडा, तारेच्या ब्रशने चकचकीत करा, घट्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलीन लावा. प्रत्येक सांधा असाच तपासा. प्लगच्या आतले संपर्क काळे पडले असतील तर घासत बसू नका, बदला. आणि गाडी सुरू झाल्यावर प्लग ओढण्याआधी इंजिन आयडलवर आणा. नाहीतर आल्टरनेटरचे डायोड जाण्याची भीती असते.