आईची टेप: जाळी नवी हवी की सैल ठेवलेली?

ताई, तुमच्या आई 54 वर्षांच्या, दिवसभर विड्या वळतात, खोकला-शिंक आली की लघवी सुटते. डॉक्टरांनी टेप, म्हणजे मूत्रमार्गाखाली आधाराला बसवायची जाळीची पट्टी, टाकायला सांगितली आहे. परदेशात जाळीवर बंदी आल्याचं वाचून तुम्ही विचारताय की सुधारलेली जाळी येईपर्यंत थांबावं का. मी सोलापुरात 22 वर्षं ओटी सिस्टर, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली नर्स होते. माहेर पूर्व भागातलं, घरात यंत्रमाग, त्यामुळे ही जाळी हातात आली की मी आधी तिची वीण बघते.

बंदीचं आधी सांगते. अमेरिकेत एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, एप्रिल 2019 मध्ये विक्री थांबवली ती अंग बाहेर येतं त्यासाठी योनीमार्गे बसवायच्या मोठ्या जाळ्यांची. लघवीसाठीची टेप तिथे चालू राहिली. इंग्लंडमध्ये मात्र जुलै 2018 पासून टेपही थांबवली. तिथल्या 2020 च्या चौकशी अहवालात बायकांनी दुखण्याची तक्रार केली आणि त्यांचं कुणी ऐकून घेतलं नाही, असं स्पष्ट आलं आहे. मला त्यातलं हे सगळ्यात जास्त लागलं.

आता जाळी. साधारण एक सेंटिमीटर रुंदीची पॉलिप्रॉपिलीनची पट्टी. ती मागावर उभ्या-आडव्या धाग्यांनी विणत नाहीत, स्वेटरसारखी फासे गुंफून करतात, तेही एकेरी, पीळ नसलेल्या धाग्याची. आपल्या कांडीवरचं सूत पाणी कसं ओढून घेतं ते तुम्हाला माहीत आहे. पिळाच्या धाग्यात जंतू तसेच शिरून बसतात. जंतू एखाद्या मायक्रॉनचा (मिलिमीटरचा हजारावा भाग), त्याला मारणारी पांढरी पेशी दहाच्या आसपास. भोक बारीक असलं तर जंतू आत आणि पेशी बाहेर. म्हणून 75 मायक्रॉनपेक्षा मोठ्या भोकांची जाळी हवी असं ठरलं. त्याआधीची एक पॉलिस्टरची घट्ट पट्टी 1999 मध्ये बाजारातून परत घ्यावी लागली होती.

एकदा ऑपरेशननंतर उरलेला टेपचा तुकडा मी दोन्ही चिमटींत धरून ओढला. चौकोनी-षटकोनी भोकं मिटून नुसत्या चिरा राहिल्या, कडा आत वळल्या आणि पट्टीची सुतळी झाली. सोडल्यावर ती पूर्ववत झाली नाही. शरीरात अशी सुतळी झाली तर ती रुतते, घासते, वर उघडी पडते. स्वीडनच्या उल्मस्टेन यांनी नव्वदच्या दशकात हे ऑपरेशन बसवलं तेव्हाच ‘ताण न देता’ हा शब्द त्याच्या नावात होता. आमच्याकडचे एक सर टेप आणि मूत्रमार्ग यांच्यामध्ये कात्री ठेवूनच वरचं प्लास्टिकचं आवरण ओढून काढायचे. दुसऱ्या एका ठिकाणी टेप घट्ट बसली, कॅथेटर काढल्यावर त्या बाईंना लघवीच होईना. चौथ्या दिवशी परत टेबलवर घेऊन ती सैल करावी लागली. जाळी तीच होती.

सुधारणा चालू आहेत. पीव्हीडीएफ नावाच्या धाग्याच्या जाळ्या निघाल्या आहेत. शेफील्ड विद्यापीठात पॉलियुरेथेनची, ताणून सोडली की मागे येणारी आणि इस्ट्रोजेन हे संप्रेरक झिरपवणारी जाळी करून पाहिली. मला त्यात आशा वाटते, पण आईचा निर्णय त्यावर टांगून ठेवू नका. नवं म्हणजे बरं असंही नाही. 2022 मध्ये छोट्या ‘मिनी’ टेपची तीन वर्षांची तुलना छापून आली. गुण नेहमीच्या टेपइतकाच, पण संबंधाच्या वेळी दुखण्याचं प्रमाण 11.7 टक्के, नेहमीच्या टेपमध्ये 4.8. सुई कुठून घालतात त्यानेही फरक पडतो. 2010 च्या 597 बायकांच्या अभ्यासात वर्षभराने गुण जवळपास सारखा, जघनास्थीमागून (ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडामागून) घातलेल्यांना 80.8 आणि जांघेतून घातलेल्यांना 77.7 टक्के. जांघेतून घातलेल्यांना पायात बधिरपणा-अशक्तपणा जास्त, जघनास्थीमागून घातलेल्यांपैकी 2.7 टक्के बायकांना लघवी अडकल्यामुळे पुन्हा ऑपरेशन लागलं.

तेव्हा डॉक्टरांना विचारा: सुई कुठून घालणार, अशी किती ऑपरेशनं केलीत, त्रास झाला तर टेप काढणार कोण? जाळी नकोच असेल तर पोटाच्या स्वतःच्या पडद्याची पट्टी वापरूनही हे ऑपरेशन होतं. चीर मोठी, बरं व्हायला वेळ जास्त, पण विचारायला संकोच करू नका.

त्याआधी, आईंना घाईची लघवी आहे का ते तपासून घ्या. बाथरूमला पोहोचेपर्यंत सुटत असेल तर त्याला टेप लागू पडत नाही, औषध वेगळं. मग तीन महिने ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम, आठ-आठ आकुंचनं दिवसातून तीन वेळा, एकदा फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून. आणि तंबाखूच्या धुळीचा खोकला असेल तर त्यावर उपचार आधी करा. रोज शंभरदा खोकणाऱ्या बाईच्या टेपवर शंभरदा ताण येतो.

ऑपरेशन झालंच तर टेपच्या खोक्यावरचं लॉट नंबरचं स्टिकर मागून घ्या आणि आईंच्या फाइलमध्ये चिकटवा. पुढे कधी दुखलं तर बघणाऱ्या डॉक्टरांना आत नेमकं काय आहे ते त्यावरूनच कळेल.