गुणपत्रकाबाहेरचा खेळ : किशोरी संघाच्या नव्या प्रशिक्षिकेस

सस्नेह आशीर्वाद.

किशोरी गटाच्या, म्हणजे चौदा वर्षांखालच्या मुलींच्या, खो-खो संघाची जबाबदारी तुझ्याकडे आली, याचा मनापासून आनंद झाला. मुलींमध्ये जिद्द, शिस्त आणि संघभावना कशी रुजवावी, असे तू विचारले आहेस. त्यांपैकी जिद्दीची फारशी चिंता करू नकोस. धाराशिवच्या सारिका काळे हिला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला आणि २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत झालेला पहिला विश्वचषक प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी नेपाळला हरवून जिंकला, हे आज मैदानावर येणाऱ्या मुलींना ठाऊक असते. जिद्द त्या घरूनच घेऊन येतात. उरलेल्या गुणांबाबत मात्र मला एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. ज्या कामाची नोंद सामन्याच्या गुणपत्रकात होत नाही, त्या कामाची प्रशिक्षक किती कदर करतो, यावर संघाचे वळण ठरते.

आपल्या खेळात तर अशा कामाचाच भरणा अधिक. आठ जणी एकीआड एक उलट दिशांना तोंड करून पाटीवर, म्हणजे मैदानाच्या मधल्या पट्ट्यावर, बसलेल्या असतात आणि नववी पाठलाग करते. धावपटू बाद झाली की नोंद होते ती शेवटचा स्पर्श करणारीची. पण त्या धावपटूला खांबाकडे रेटत नेणारे आधीचे दोन-तीन खो ज्यांनी वेळेवर दिले, स्वतः सूर मारण्याचा मोह आवरून दिले, त्यांचे नाव कोठेही लिहिले जात नाही. म्हणून सरावात खेळाडू बाद झाली की क्षणभर खेळ थांबव आणि त्याआधीचे खो कोणी दिले, हे मुलींनाच विचार. सुरुवातीला कोणालाच सांगता येणार नाही. काही आठवड्यांनी पाटीवरची प्रत्येक मुलगी इतरांचा खेळ लक्ष देऊन पाहू लागेल, आणि संघभावनेवरच्या तुझ्या भाषणांची गरज बरीच कमी होईल. धावपटू तिघी-तिघींच्या तुकडीने मैदानात येतात; तुकडीतली तिसरी धावपटू बाद करणारीला नव्या तुकडीचा पाठलाग करता येत नाही, तिला खो देऊन बसावेच लागते, हा नियमही मुलींना केवळ पाठ करायला लावू नकोस, त्यामागचा विचार समजावून सांग.

बसलेल्या मुलीकडे विशेष लक्ष दे. धावपटू हातभर अंतरावरून निघून जाते, हिच्या पायाच्या चवड्यांवर सगळा भार आलेला असतो, बोटे मातीत रुतलेली असतात, आणि तरीही पाठीमागून खो मिळेपर्यंत तिला उठता येत नाही. आधीच उठली तर फाउल होतो, लय तुटते आणि दमलेल्या धावपटूला आयता श्वास घ्यायला मिळतो. असा फाउल झाला की चुकलेल्या मुलीकडे पाहू नकोस, बाकीच्यांकडे पाहा. कोणी हात झटकला, कोणी कपाळावर हात मारला, कोणी नाव घेऊन ओरडले, ते टिपून ठेव आणि सराव संपल्यावर त्यांच्याशी बोल. उठण्याची घाई तालमीने जाते. चारचौघांत झालेला अपमान मात्र मुलगी विसरत नाही आणि पुढच्या सामन्यात ती उठायलाच बिचकते.

पंचांच्या नजरेतून सुटलेल्या स्पर्शाबद्दल प्रशिक्षकांमध्ये दोन मते आहेत. निर्णय देणे हे पंचांचे काम आहे, खेळाडूने खेळत राहावे, असे म्हणणारे माझे काही चांगले मित्र आहेत. मला ते पटत नाही. सामन्यात कबुली द्यायची की नाही, याचा हुकूम मुलींना सोडू नकोस. पण सरावात स्पर्श झालेली धावपटू स्वतः हात वर करून बाहेर आलीच पाहिजे, आणि सामन्यात स्पर्श लपवून निसटलेल्या मुलीची पाठ तू कधीही थोपटू नकोस. जन्मतारखेच्या दाखल्याबाबत मात्र दुसऱ्या मताला जागाच नाही. वय उलटून गेलेली मुलगी किशोरी गटात खेळवण्याचा सल्ला तुला कोणीतरी देईलच, कदाचित वडीलकीच्या नात्याने देईल. तो मानलास तर प्रामाणिकपणाविषयी तू पुढे काहीही बोललीस तरी मुली ऐकून घेतील आणि मनात हसतील.

कर्णधारपद सर्वांत वेगवान धावपटूला देण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. मी तसे करणार नाही. पहिली तुकडी मिनिट-दीड मिनिटात बाद होऊन मान खाली घालून परतते, तेव्हा त्यांच्याकडे पाण्याची बाटली घेऊन कोण जाते आणि त्याच वेळी पुढच्या तिघींना समोरचा आक्रमक कोणत्या बाजूला फसतो हे कोण सांगते, ते पाहा. ही दोन्ही कामे करणारी मुलगी कदाचित राखीव खेळाडूंत बसलेली असेल. तिला काही सराव सामन्यांत नेतृत्व देऊन पाहा. फक्कीने मैदान आखणे, पाणी भरणे, सामान उचलणे ही कामे धाकट्या मुलींवर ढकलण्याची सवय बहुतेक संघांत असते. तुझ्याकडे त्यांची सुरुवात कर्णधारापासून होऊ दे.

मारणे आणि घालूनपाडून बोलणे वर्ज्य, हे तुला वेगळे सांगायला नको. बाहेरगावच्या स्पर्धेत शाळेच्या वर्गखोल्यांत मुक्काम असतो; तेथे स्वच्छतागृह, दाराची कडी आणि रात्रीची सोबत या गोष्टी तू स्वतः पाहून घे. पालक क्रीडागुणांचा आणि सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी असलेल्या पाच टक्के आरक्षणाचा विषय काढतील. त्यांची अपेक्षा चुकीची नाही, पण चौदा वर्षांखालच्या मुलीला प्रत्येक पराभवानंतर तो हिशेब ऐकावा लागू नये, एवढे त्यांना स्पष्ट सांग.

आता जिल्हा निवड चाचणी जवळ आली आहे. ज्या मुलींची नावे संघात येणार नाहीत, त्यांना फलकावर यादी लागण्याआधी एकेकीला बाजूला घेऊन तू स्वतः सांग, कशात कमी पडलीस तेही नेमके सांग, आणि दुसऱ्या दिवशी सरावाला किती वाजता यायचे, हे त्याच बोलण्यात ठरवून टाक.

तुझा हितचिंतक