पॉझिटिव्हमधून निगेटिव्ह सप्लाय : वाचकांचे प्रश्न

प्लस पुरवठ्यातून मायनस व्होल्टेज कसे काढावे, याविषयी तोच गोंधळ पत्रांतून पुन्हा पुन्हा येत असल्याने काही प्रश्न एकत्र घेत आहे.

७९०५ ला +१२ व्होल्ट दिल्यास −५ मिळतील का? (मडगाव)

नाही, ७९०५ हा −५ व्होल्ट स्थिर ठेवणारा रेग्युलेटर आहे, आणि त्याला मुळात मायनस व्होल्टेजच द्यावे लागते.

७६६० चे −५ व्होल्ट लोड जोडताच −४ च्या खाली जातात. आयसी खराब आहे का? (फोंडा)

बहुधा नाही. प्लसचे मायनस करणाऱ्या या आयसीचा आउटपुट रोध सुमारे ५५ ओहम असतो, त्यामुळे २० मिलिअँपिअरला १.१ व्होल्ट तिथेच खर्च होतात.

भजनाच्या हार्मोनियमच्या माइकसाठी प्रीअँप (क्षीण सिग्नल वाढवणारे सर्किट) करतो आहे. ७६६० थेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते, असे दुकानदार सांगतो. जोडू का? (डिचोली)

कृपया जोडू नका. मूळ आयसीएल ७६६० ची कमाल कामकाजी मर्यादा १० व्होल्ट आहे. 'एस' अक्षराच्या आवृत्तीची १२. चार्जरवर असलेली '१२ व्होल्ट'ची बॅटरी १४ च्या पुढे जाते, म्हणजे दोन्ही आयसी मर्यादेबाहेर जातात, आणि 'माझी चालली' या ऐकीव दाखल्याने डेटाशीट बदलत नाही. खरवडून नवे नाव छापलेल्या आयसीही विकल्या जातात, तेव्हा बिल देणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्या. बॅटरीनंतर ७८०९ हा रेग्युलेटर बसवून ९ व्होल्टच द्या आणि सहा नंबरची पिन मोकळी ठेवा, पुरवठा ३.५ व्होल्टच्या वर असताना ती ग्राउंडला जोडली, तर आयसी लॅच होऊन (आतून अडकून) जळू शकते. आउटपुटच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे प्लस टोक ग्राउंडला आणि मायनस टोक पाच नंबरच्या पिनेला येते. सवयीने उलटे जोडलेले कपॅसिटर मी सतत पाहतो, आणि ते फुटतात. शिवाय आयसीची सुमारे १० किलोहर्ट्झच्या ऑसिलेटरवर चालणारी स्विचिंग कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात असल्याने बारीक शिट्टी येऊ शकते. खरे तर प्रीअँपमधल्या ऑपअँपला (सिग्नल वाढवणाऱ्या आयसीला) अर्ध्या पुरवठ्याचा बायस दिल्यास, म्हणजे तिचा मध्यबिंदू पुरवठ्याच्या निम्म्या व्होल्टेजवर ठेवल्यास, तुम्हाला मायनसची गरजच उरणार नाही. तरीही बोर्ड जाणकाराला दाखवा, आणि तोही चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर येण्याआधी.

५५५ टायमर आयसीमधून −१२ व्होल्ट, १ अँपिअर मिळेल का? (पेडणे)

नाही. त्यासाठी इन्व्हर्टिंग (प्लसचे मायनस करणारा) स्विचिंग रेग्युलेटर लागतो, आणि त्यातील स्विचवर इनपुट व आउटपुट यांच्या बेरजेइतका ताण येतो. १२ मधून −१२ काढताना तो २४ व्होल्टच्या वर जातो. त्यातील इंडक्टर (कॉइल) अंदाजाने निवडू नका. आराखडा आधी अनुभवी अभियंत्याकडून तपासून घ्या.